धागा: मुंबई-न्यूयॉर्क नेमकं किती किमी? आणि जाताना सोळा तास, येताना साडेचौदा, असं का?

केशरआंबा
नमस्कार मंडळी. आई डिसेंबरात पहिल्यांदाच माझ्याकडे न्यू जर्सीला येते आहे. नाशिकहून मुंबई, तिथून न्यूयॉर्क, थेट विमान. वय ६८, तब्येत ठणठणीत, पण एकटी येणार.

आई महापालिकेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिक्षिका होती, भूगोल तिचा जीव की प्राण. तिकिटाची प्रिंट हातात पडल्याबरोबर तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "जायला सोळा तास आणि यायला साडेचौदा, रस्ता तोच ना?" मी म्हटलं, वाऱ्यामुळे. तर म्हणे, "कोणता वारा, किती वेगाने, कुठल्या उंचीवर? असं मोघम सांगू नकोस."

मग मीही शोधायला लागले. एका ठिकाणी अंतर १२,५३० दिसतं, दुसरीकडे ७,७८६, तिसरीकडे ६,७६६. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला तर १२,५३० किमीला चौदा तासही लागायला नकोत. मग सोळा कुठून आले? आईला पटेल असं उत्तर हवंय. शिवाय एकटीने एवढा लांबचा प्रवास करणाऱ्या ज्येष्ठांसाठी काही सूचना असतील तर त्याही सांगा.

बटाटेवडा
पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? म्हणजे आपण पश्चिमेला उडालो की न्यूयॉर्क आपल्याच दिशेने येत असणार. मग जाताना कमी वेळ लागायला हवा! माझा तर उलटाच गोंधळ झाला.

दोन_बॅगा
व्हीलचेअर असिस्टन्स आजच मागून ठेवा. चालता येत असलं तरी. मुंबईत चेक-इनपासून तिकडे इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत सोबत माणूस मिळतो. माझी आई आधी रुसली होती, "मी काय आजारी आहे का?" म्हणून. तिकडची रांग पाहिल्यावर काही बोलली नाही.

नकाशाप्रेमी
केशरआंबा, आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. तिन्ही आकडे बरोबर आहेत. १२,५३० किलोमीटर, ७,७८६ साधे मैल आणि ६,७६६ सागरी मैल, अंतर एकच. सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक साधारण एवढा भरतो. जहाजवाल्यांचं हे माप विमानवाल्यांनी तसंच उचललं. आईंना हे नक्की आवडेल.

आता हे अंतर मोजतात कसं? भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. पण तो नकाशा म्हणजे गोल पृथ्वी ताणून सपाट केलेली. खरा जवळचा रस्ता बघायचा तर एक मोसंबं घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मुंबई आणि न्यूयॉर्कच्या जागी दोन टाचण्या टोचा आणि दोरा घट्ट ताणा. सैल नको, घट्ट. दोरा आपोआप वर देठाकडे सरकतो. मुंबईतून तो पश्चिमेला जातच नाही, वायव्येच्याही थोडा वर, जवळजवळ उत्तरेला निघतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. सगळ्यात वर असताना अक्षांश जवळजवळ ६५. याला मराठीत बृहद्वृत्त म्हणतात. १२,५३० हा आकडा या दोऱ्याचा.

गंमत अशी की सध्या मुंबईहून निघालेलं विमान या वाटेने जात नाही. त्याबद्दल रात्री लिहितो, ऑफिसची बस आली.

अनुस्वार
मोसंबं, बृहद्वृत्त... वाचनखूण साठवली. लेकाला भूगोलात हेच आहे.

हवामानवेडा
बटाटेवडा, तुमचा प्रश्न अनेकांना पडतो, त्यात गोंधळण्यासारखंच आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,५८० किमी वेगाने पूर्वेला फिरते आहे. पण धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने फिरतंय, आणि भोवतालची हवाही. विमान उडतं ते या हवेतून. त्यामुळे खाली पृथ्वी फिरते आणि वर विमान थांबून वाट बघतं असं होत नाही. धावत्या लोकलच्या डब्यात उडी मारली तर तुम्ही होता तिथेच परत उतरता, तसं.

तरी पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, मात्र आडवळणाने. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे सरकायला लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. त्यातून ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे बरोबर विमानांच्या उंचीवर, वाऱ्याच्या नद्या तयार होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वाहतात पश्चिमेकडून पूर्वेकडे. ताशी दीडशे-दोनशे किमी अगदी नेहमीचं, हिवाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त, कारण थंड ध्रुव आणि गरम विषुववृत्त यांच्यातला फरक तेव्हा वाढलेला असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी याला साडेसहा-सात तास लागतात. इंजिन तेच, पाठीला वारा होता.

आईंना सांगा: जाताना नदीच्या प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर. डिसेंबरातला प्रवास म्हणजे प्रवाह सगळ्यात जोरात असतानाचा.

बटाटेवडा
लोकलच्या डब्यातली उडी! आता डोक्यात बसलं. धन्यवाद.

चिंचगुळ
मी मात्र थेट विमानाच्या विरोधात आहे. सोळा तास एका खुर्चीत म्हणजे गुडघ्यांची वाट. दुबई, दोहा किंवा अबू धाबीला उतरा, दोन तास पाय मोकळे करा, मग पुढे जा. तिकीटही स्वस्त पडतं. मी आई-बाबांना नेहमी असंच आणते.

कृष्णामाई
चिंचगुळ, तुमचे आई-बाबा दोघं असतात. इथे आई एकट्या आहेत.

माझ्या साबांना (सासूबाईंना) आम्ही स्वस्त पडलं म्हणून मधे थांबणारं तिकीट काढलं होतं, सांगली ते शिकागो. आखातातल्या एका विमानतळावर पुढच्या विमानासाठी एक तास वीस मिनिटं होती. मुंबईतूनच विमान पाऊण तास उशिरा सुटलं. उतरल्यावर टर्मिनल बदलायचं, आतल्या गाडीत बसायचं, परत सुरक्षा तपासणी. विमान गेलं. पुढचं एकोणीस तासांनी. साबांना इंग्रजी वाचता येतं पण पटकन बोलता येत नाही. फोनची बॅटरी संपत आलेली, चार्जर मोठ्या बॅगेत, ती थेट शिकागोला. शेवटी एका मल्याळी नर्सने तिच्या फोनवरून आम्हाला कळवलं आणि पुढचं विमान मिळेपर्यंत अधूनमधून येऊन त्यांच्याजवळ बसत राहिली. तिचं नावही विचारायचं राहिलं, याची साबांना अजून रुखरुख आहे.

तिकिटावर बावीस तास लिहिले होते, सांगलीच्या दारातून आमच्या दारात यायला त्रेपन्न लागले. म्हणून माझं मत: एकटं माणूस असेल तर थेटच. आणि मधे थांबायचंच असेल तर निदान तीन-साडेतीन तासांचा वेळ ठेवा.

चिंचगुळ
कृष्णामाई, वाचून पोटात गोळा आला. बरोबर आहे तुमचं, एकटीसाठी थेटच बरं. माझं म्हणणं दोघं असतील तेव्हापुरतं.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत वीस वर्षं. दोन्ही प्रकारे बरेचदा आलो-गेलो. तिकिटावरचा वेळ विमानतळ ते विमानतळ असतो, त्यातही दाराला लावलेला जिना सुटतो तिथपासून तिकडे परत जिना लागेपर्यंत. म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिकडे उतरल्यावर गेट मोकळं होण्याची वाट बघणं, हे सगळं त्या सोळात आलं. हवेतला वेळ साधारण पंधरा-साडेपंधरा. शिवाय कंपन्या थोडा वेळ जास्तीचा धरतात, वेळेवर पोचल्याचं दिसावं म्हणून.

अवांतर: लोणच्याची बरणी नीट बांधा आणि कस्टम्सच्या प्रश्नाला 'हो, खाण्याचे पदार्थ आहेत' असं सरळ सांगायला शिकवा. ताजी फळं, बिया, मांस नको. चकली-लाडवाला कुणी अडवत नाही. न सांगितल्याचा दंड मात्र जबर असतो.

गोदाकाठ
नाशिककर ना? मग विमानाचं सोडा, आधी मुंबई गाठायचं बोला. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. पण पुढे भिवंडी आहेच. रात्री दीडचं विमान असेल तर नाशिकहून संध्याकाळी पाच-साडेपाचला निघा. डबा गाडीतच. माझ्या आत्याने विमानतळावर पोचून डबा खाऊ म्हणत तो तसाच ठेवला आणि शेवटी रांगेत उभ्याने पोळीभाजी संपवली.

जुना_प्रवासी
या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एअर इंडियाची पहिली परदेशी फेरी ८ जून १९४८ ची, मुंबई ते लंडन, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. विमानाचं नाव मलबार प्रिन्सेस, पंख्याची चार इंजिनं. न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली मे १९६० मध्ये, बोईंग ७०७ आल्यावर, तीही लंडनमार्गे. मी पहिल्यांदा गेलो १९८७ मध्ये, तेव्हाही लंडनला उतरवायचे. हीथ्रोवर तास-दीड तास काचेशी उभे राहून आम्ही आपलंच जम्बो न्याहाळत होतो. मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाणारं एअर इंडियाचं विमान सुरू झालं १ ऑगस्ट २००७ ला, ७७७ च्या लांब पल्ल्याच्या प्रकाराने.

थांबावं का लागायचं? इंधन. आज या मार्गावर जाणाऱ्या ७७७-३०० ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं. पण इंधनालाही वजन आहे, आणि ते वजन वाहायला परत इंधन लागतं. पल्ला जितका लांब तितका हा फेरा वाढत जातो. म्हणून नुसत्या मोठ्या टाक्या लावून भागलं नाही. इंजिनं काटकसरी होईपर्यंत थांबावं लागलं.

अनुस्वार
जुना_प्रवासी, याच्याही मागे जाऊ? आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवस. वय अठरा. नवरा सोबत नाही, नऊवारी नेसून, शाकाहार सांभाळत. आज आपण सोळा तासांत गुडघे दुखतील का याची चर्चा करतोय. चर्चा करायलाच हवी, पण परवा ही तारखांची वजाबाकी केली तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

केशरआंबा
अनुस्वार, हे आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अठ्ठावन्न दिवस पत्रसुद्धा नाही घरी." मग आम्ही दोघी गप्पच होतो थोडा वेळ.

नकाशाप्रेमी
आलो. राहिलेला भाग सांगतो, सोळा तासांचं खरं उत्तर इथे आहे.

बृहद्वृत्ताची वाट पाकिस्तानवरून जाते. एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै असं झालं होतं. शिवाय रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. म्हणजे कंपनी कुठलीही असो, दोऱ्याच्या वाटेने सरळ जाणं कठीण. मग मुंबईहून निघालेलं भारतीय विमान अरबी समुद्रावरून ओमान, सौदी, इजिप्त, भूमध्य समुद्र, युरोप आणि अटलांटिक असं जातं.

मी ढोबळ बेरीज केली. मुंबई-मस्कत १,६००, मस्कत-कैरो २,७५०, कैरो-लंडन ३,५००, लंडन-न्यूयॉर्क ५,५५०. एकूण १३,४०० किमी. विमान बरोबर या शहरांवरूनच जातं असं नाही, पण अंदाज येतो. दोऱ्यापेक्षा साधारण नऊशे किमी जास्त.

आता हवामानवेडा यांचा वारा घाला. हवेतून वेग ताशी ९००. जाताना समोरचा वारा सरासरी ५० धरला तर जमिनीवरून ८५०. १३,४०० भागिले ८५०, पावणेसोळा तास. जमिनीवरची रांग धरून सोळाच्या वर. येताना पाठीचा वारा ६० धरला तर ९६०, म्हणजे चौदा तास, अधिक अर्धा. झाले साडेचौदा. आईंच्या तिकिटाशी जुळलं!

हवामानवेडा
सुरेख. एक भर घालतो. येताना वैमानिक मुद्दाम जेट स्ट्रीम गाठतात, जाताना तो टाळून वर किंवा खाली सरकतात. उत्तर अटलांटिकवरच्या वाटा तर वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखल्या जातात. म्हणून 'रस्ता तोच ना' या आईंच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे.

याचं सगळ्यात छान उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. अटलांटिकवरून ते अंतर सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने तेच विमान उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. पूर्वेला गेल्यामुळे सगळी वाट वारा पाठीशी.

बटाटेवडा
म्हणजे लांबच्या रस्त्याने लवकर! आमचा रिक्षावाला हेच म्हणतो, मी उगाच भांडत होतो त्याच्याशी.

मीठभाकर
बाबांचं दिल्लीहून तिकीट होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांना मधे युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. खाली उतरवलं नाही, आतच बसून होते. दिल्लीवाल्यांना पाकिस्तानचा वळसा जास्त पडतो, मुंबईला त्या मानाने कमी, कारण मुंबई मुळात दक्षिणेला आणि समुद्राला लागून. आणि त्या जूनमध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा तर काही विमानं अर्ध्या वाटेवरून परत फिरली. हे सांगून घाबरवायचं नाही, पण हातातल्या पिशवीत दोन दिवसांची औषधं आणि एक कपड्यांचा जोड हवाच.

डॉ_अडुळसा
औषधांवरून लिहितो, मी सामान्य वैद्यक आहे, कोकणात.

केबिनमधला दाब समुद्रसपाटीवरचा नसतो. विमान अकरा किमीवर असलं तरी आत साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखी हवा असते, आणि आर्द्रता वीस टक्क्यांहून कमी. म्हणून ओठ सुकतात, डोळे चुरचुरतात, तहान लागल्याचं मात्र कळत नाही. दर तासाला चार घोट पाणी. बायका स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, हे मी कायम बघतो. कृपया असं करू नका. मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची घ्या आणि जात राहा. तेवढंच चालणंही होतं, पायातल्या नसांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. बसल्या जागी घोटे फिरवायचे, टाचा वर-खाली.

गोळ्यांच्या वेळा: निघाल्यापासून पोचेपर्यंत घड्याळ भारताचंच ठेवा, गोळ्या भारतीय वेळेप्रमाणे घ्या, पोचल्यावर तिथल्या वेळेकडे हळूहळू या. इन्शुलिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर हे परस्पर करू नका, नेहमीच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

केशरआंबा
डॉक्टर, फार उपयोगी. आईला फक्त थायरॉइडची गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी. तिने विचारलंय, "सकाळ कुणाची धरायची?" तुमचं उत्तर वाचून दाखवते.

पण कडेच्या खुर्चीला ती तयार नाही. खिडकीच हवी.

कृष्णामाई
भूगोलाच्या बाईंना खिडकी नाही द्यायची तर कुणाला!

चिंचगुळ
रात्री दीडला निघून सकाळी सहा-साडेसहाला न्यूयॉर्क? मग विमानात पाचच तास झाले असं वाटेल की!

एडिसनकर
हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. दीडला सोळा मिळवा, संध्याकाळचे साडेपाच. त्यातून साडेदहा वजा करा, सकाळचे सात. तारीखही तीच. घड्याळाला साडेपाच तासच झालेले दिसतात, शरीर मात्र सोळा मोजतं. आल्या दिवशी दुपारी झोपू देऊ नका, उन्हात फिरवून आणा.

दोन_बॅगा
आल्यावर आईंचे अनुभव इथे नक्की लिहा. असे धागे अर्धवट राहतात आणि मग वर्षभर चुटपुट लागते.

केशरआंबा
(तीन आठवड्यांनी) दोन_बॅगा, तुमच्यासाठी लिहायला बसले. आई पोचली! पहिला आठवडा जेट लॅग आणि पोळ्या यातच गेला.

निघायच्या आधी मोसंब्याचा प्रयोग नाशिकच्या घरी केला, मी व्हिडिओवर बघत होते. दोरा म्हणून तिने गजऱ्याचा दोरा घेतला. दोरा वर सरकला तेव्हा आई एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "तेहेतीस वर्षं मी पोरांना सपाट नकाशावर पट्टी ठेवायला लावली." मग उठून शेजारच्या दोन मुलांना बोलावलं आणि त्यांना दाखवलं.

विमानात तिने चित्रपट एकही पाहिला नाही. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवला आणि वहीत लिहीत बसली. वही माझ्यासमोर आहे, तिच्याच शब्दांत (वेळा भारतीय):

"२.१५. चाके सुटली. जागेवरून हललो होतो १.५० ला.
४.१५. ओमान. जमिनीवरून वेग ८३८. समोरचा वारा ४९.
७.२०. नाईल! काळोखात सोन्याची साखळी टाकल्यासारखे दिवे, दोन्ही बाजूंना काळेकुट्ट वाळवंट. एका जागी साखळी सुटून पंखा पसरला, तो त्रिभुज प्रदेश. पुस्तकात काढतो तसाच.
११.२५. लंडनच्या दक्षिणेला. ढग. उपमा दिला, बरा होता. पाणी चौथे वेळी मागितले.
१४.३०. अटलांटिक. वेग ७८६ पर्यंत उतरला. वारा ११२. विमान हलते आहे. शेजारची मुलगी घाबरली, तिला जेट स्ट्रीम समजावून सांगितला.
१७.४०. चाके टेकली. स्थानिक ७.१०. हवेत १५ तास २५ मिनिटे. पडद्यावरचे एकूण अंतर १३,१८०. सरासरी ८५५."

खाली एका चौकटीत लिहिलंय: "बेरीज करणाऱ्या गृहस्थांचे अंतर २२० ने जास्त, वेग जवळजवळ अचूक."

नकाशाप्रेमी
आईंना माझा साष्टांग नमस्कार. २२० ची चूक मान्य, मी शहरं जोडली, विमानाने कोपरे कापले. हा कागद फोटो काढून जपून ठेवा.

केशरआंबा
तिने अजून एक गोष्ट टिपली आहे, ती मला सुचलीच नसती. नाशिकहून मुंबईला येताना, संध्याकाळी सहाला गाडीतून सूर्यास्त पाहिला. त्यानंतर सूर्य दिसला तो न्यूयॉर्कला, विमान गेटकडे जात असताना. भारतीय वेळेप्रमाणे पावणेसहा वाजले होते, दुसऱ्या दिवशीचे. म्हणजे सलग पावणेचोवीस तास रात्र! सूर्य मागून येत होता आणि विमान पुढे पळत होतं. उतरायच्या आधी अर्धा तास शेपटीच्या बाजूला तांबडं फुटलेलं दिसलं, बस.

हवामानवेडा
अगदी बरोबर. पन्नास अक्षांशावर सूर्याची रेघ ताशी सुमारे १,०७० किमीने पश्चिमेला सरकते, विमान ८५० ने. ती पाठलाग करत होती पण फार सावकाश जवळ येत होती. मी हे फक्त आकडेमोडीत पाहिलं होतं. आईंनी खिडकीतून पाहिलं.

अनुस्वार
लेकाला आख्खा धागा वाचून दाखवला. "त्या आजी आमच्या शाळेत येतील का" असं विचारतोय.

केशरआंबा
अनुस्वार, आजी एका पायावर तयार होतील. मे महिन्यात परतणार आहेत.

आता आईचाच प्रश्न, तिने लिहायला सांगितलंय: परतीचं विमान न्यूयॉर्कहून दुपारी बाराचं आहे. जाताना सगळा काळोख होता, या वेळी उजेडात काही दिसेल का, आणि खिडकी कोणत्या बाजूची घ्यायची?

नकाशाप्रेमी
डावी. पूर्वेला तोंड म्हणजे उत्तर डावीकडे, आणि ऊन उजवीकडून येणार, त्यामुळे डोळ्यांवर येणार नाही. पहिले चार-पाच तास उजेड असेल, मग रात्र झपाट्याने अंगावर येईल. सुटल्यावर दोन-अडीच तासांनी न्यूफाउंडलंडचा किनारा लागेल. मे म्हणजे तिथे हिमनगांचा हंगाम. ढग नसले तर निळ्या पाण्यावर पांढरे ठिपके दिसतात, लाटांच्या फेसासारखे, पण फेस विरतो आणि हे तसेच राहतात. वाट किनाऱ्याच्या फार दक्षिणेने गेली तर दिसणार नाहीत, पण नजर ठेवायला सांगा. वही हाताशी असू दे.

केशरआंबा
डावी खिडकी आत्ताच घेतली. पंखाच्या मागची, ३८ वी रांग. आई विचारते आहे, हिमनगाचा पाण्यावरचा भाग किती आणि खालचा किती, हे ती मुलांना शिकवायची ते लिहू का इथे?

बटाटेवडा
लिहाच!